तहकूब सभेचा ठराव

ग्रामसभेला गावातल्या 15 टक्के मतदारांची किंवा 100 जणांची, यातली जी संख्या कमी तेवढी, गणपूर्ती लागते. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! गाव आलं नाही म्हणून थांबलेली सभा मग गावावाचूनच उरकते. दारव्ह्याकडच्या आमच्या गावात ही गंमत मी लहानपणापासून बघत आलोय. ती ऑफिसात वापरावी, ही अक्कल मात्र माझी स्वतःची.

यवतमाळचा एप्रिल, पारा 43 च्या पुढे. ऑफिसला नवा कूलर मंजूर झाला, तोही एकच. खिडक्या तीन. तो माझ्या खिडकीला लागावा, एवढीच माझी लोकशाहीकडून अपेक्षा होती. मतं मोजली, तर माझ्या बाजूनं फक्त मी. मग साहेबांना म्हटलं, "बैठकीत ठरवू, सर." बैठक लावली शुक्रवारी संध्याकाळी. त्या वेळी नेर-दारव्ह्याची मंडळी एसटी स्टँडवर असतात. गंभीर चेहऱ्यानं इतिवृत्तात ‘तहकूब’ लिहिलं आणि पुढची वेळ घातली, सोमवारी सकाळी, ऑफिस उघडता उघडता.

सोमवारी पोचलो तर आस्थापनेच्या मॅडम आधीच हजर, शेजारी शिपाईकाका.

"काऊन जी, तहकूब सभेले कोरम लागत नाही ना?"

मॅडमचे वडील सरपंच होते, हे मला आधी कुणी सांगायला नको?

ठराव पहिला: कूलर मधल्या खिडकीला. सूचक मॅडम, अनुमोदक काका. माझ्या टेबलापर्यंत त्याचा फक्त आवाज येतो. ठराव दुसरा पाण्याचा. 2018 च्या उन्हाळ्यातली टंचाई बघितल्यापासून इथं कूलरला नळी लावून सोडायची कुणाची छाती होत नाही; बादलीनंच भरायचा. काका म्हणाले, "ज्यायनं बैठक बोलावली, त्यायनंच भरावं." इतिवृत्त मीच लिहितो. ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिताना अक्षर मात्र छान आलं.

बैठकीत निर्णय होत नाहीत, हे मला मान्य नाही. होतात, आणि फिरतातही. 2019 च्या जानेवारीत याच यवतमाळात भरलेल्या 92 व्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचं निमंत्रण नयनतारा सहगल यांना गेलं, मग मागे घेतलं गेलं आणि अखेर उद्घाटन केलं वैशाली येडे या शेतकरी महिलेनं. या आशेवर मीही फेरविचाराची बैठक मागितली. साहेब म्हणाले, "लावा की, पण त्या दिवशी पाणी भरून मग."

ठरावात मुदत घातलेली नाही, आणि यवतमाळात कूलर मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालतो.