चिंध्यांचे सुव्यवस्थापन

शिवणखोली आवरण्याचे जे शास्त्र अलीकडे प्रगत झाले आहे, त्याचे जाहीर अभिनंदन व्हायला हवे. पूर्वी गोधडी शिवणाऱ्या बाईकडे शास्त्र नव्हते. विरलेली नऊवारी, फाटके धोतर, पोराचा सदरा एकावर एक अंथरून ती धावदोरा घालत सुटे. उरलेच काही, तर ते पोतेऱ्याला जाई. साठाच नाही, तर वर्गवारी कशाची करणार? बिचारी मागासच राहिली.

आता कोरे कापड साधारण 18 बाय 22 इंचांचे तुकडे करूनच विकत मिळते. त्याला फॅट क्वार्टर म्हणतात. म्हणजे चिंधी थेट दुकानातून, घडी घालून. मग चिंधीच्या चिंधीसाठी पारदर्शक डबे, डब्यांसाठी मांडणी, मांडणीसाठी खोली. आधी रंगवार लावावे, मग छटेवार. (डबा उघडल्यास क्रम बिघडतो, सबब उघडू नये.) पुढची पायरी उघडच आहे: प्रत्येक चिंधीचा सातबारा काढावा, वारसनोंद करून ठेवावी.

अशी एक आदर्श खोली असलेल्या घरी मुक्काम पडला. रात्री गारठा वाढला, म्हणून पांघरूण मागितले. यजमानीणबाईंनी तत्परतेने मोबाइलवरून ब्लँकेट मागवले. खोके मात्र जपून ठेवले. चिंध्यांना लागते.