सारथ्याला गाडी लागत नाही

विमानाने कन्याकुमारी करणाऱ्यांची मला कीव येते, हे वाक्य गेल्या दिवाळीत मी जिथे जिथे फराळाला गेलो तिथे तिथे ऐकवलं. त्रिवेंद्रमला उतरायचं, टॅक्सी करायची, खडकावर उभं राहून फोटो काढायचा की झालं. यात देश कुठे आला? देश रस्त्याने बघायचा असतो, मुलांना दाखवायचा असतो. ऐकणारे चकली मोडता मोडता माना डोलवत. बायको एवढ्यात उठून यजमानीणबाईंना मदत करायला आत जाई. पुढचं वाक्य तिला पाठ होतं : "आणि ड्रायव्हर-बिव्हर नाही हं, मी एकटा चालवणार."

पुण्याहून कन्याकुमारी साधारण दीड हजार किलोमीटर. त्यासाठी मी एक वही केली होती. प्रत्येक गावापुढे मुलांना सांगायची माहिती. कार्ल्याच्या सहलीत आमच्या भूगोलाच्या सरांनी बसमध्ये उभं राहून जे केलं, ते मी बसून करणार होतो. कात्रजचा बोगदा संपताच मी सुरुवात केली की हा रस्ता सुवर्ण चतुष्कोनाच्या मुंबई-चेन्नई बाजूचा, बंगळूरला तो श्रीनगर-कन्याकुमारी मार्गाला भेटतो, आणि तो ४४ क्रमांकाचा महामार्ग म्हणजे देशातला सर्वांत लांब. मागून धाकटा किंचाळला, "जेसीबी!"

साताऱ्यापासून कागलपर्यंत रस्ता रुंद करण्याचं काम चाललेलं होतं. ते किती वर्षं चाललंय यावर मोठी माणसं चिडत होती. पण चार वर्षांच्या मुलाच्या नजरेने बघितलं तर देशाचा याहून रमणीय भाग नाही. जेसीबी, रोलर, डंपर, पुन्हा जेसीबी. कागल मागे पडल्यावर त्याने विचारलं, "बाबा, आता काय बघायचं?" माझ्या वहीत निपाणीच्या तंबाखूवर पाऊण पान होतं.

पण मी गोष्टीत पुढे गेलो. त्याआधी खंबाटकीत थोरलीला गाडी लागली होती.

आता गाडी लागणे या विषयावर मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण आमच्या घराण्यात या शास्त्राचे निदान चार संप्रदाय आहेत. आजीचा संप्रदाय लिंबाचा : प्रवासभर हुंगायचं, चाखायचं नाही. आत्याचा आवळासुपारीचा. वडील उपाशीपोटी निघण्याच्या पक्षाचे, तर आई पोटभर दहीभात खाऊन निघण्याच्या. त्यामुळे आम्ही भावंडं आलटून पालटून दोन्ही करत असू आणि दोन्हींचा निकाल सारखाच लागे. या सगळ्यांच्या वर होती मावशी. ती पेपरवाली. सीटवर वर्तमानपत्र पसरायचं आणि त्यावर बसायचं, गाडी लागत नाही. का लागत नाही, हे विचारण्याची पद्धत नव्हती. पण नियम कडक होते. पेपर त्याच दिवसाचा हवा, शिळा चालत नाही. रविवारची पुरवणी अजिबात नको, तिच्यात दम नसतो. आणि बसल्यावर उठायचं नाही, नाहीतर गुण जातो. चिपळूणला लग्नाला जाताना आख्खा कुंभार्ली घाट आम्ही पोरं एसटीत अग्रलेखावर बसून उतरलो आहोत. काकांना बिचाऱ्यांना शेअरबाजाराचे भाव बघायचे होते. ते पान माझ्या चुलतभावाखाली होतं. पोफळीच्या अलीकडे त्याला व्हायचं ते झालंच, तेव्हा त्या पेपरचा एक उपयोग मात्र निर्विवाद सिद्ध झाला. मावशी म्हणाली, "मधे उठला असणार."

पुढे मोठा झाल्यावर मी यावर वाचलं. आतला कान मेंदूला सांगतो, आपण हलतोय. पुस्तकात किंवा टॅबमध्ये खुपसलेले डोळे सांगतात, छे, आपण तर बसून आहोत. या भांडणात मेंदू गोंधळतो. एका मताप्रमाणे त्याला वाटतं की पोटात विष गेलंय, आणि तो पोट रिकामं करायचा हुकूम देतो. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा हा त्रास नसतो. दोन ते बारा ही सुगी. आणि गाडी चालवणाऱ्याला तर जवळजवळ कधीच नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच कळलेलं असतं. हा शेवटचा भाग मी घरी वेगळ्या शब्दांत सांगतो : मनावर ताबा असलेल्या माणसाला गाडी लागत नाही.

तर थोरलीचा फ्रॉक बदलला, बायकोने स्वतःची ओढणी एका पिशवीत बांधली, आणि मी घड्याळाकडे बघून म्हणालो, "वीस मिनिटं गेली." हे मी नुसतं सांगत होतो, तक्रार नव्हती. बायकोने आरशातून माझ्याकडे बघितलं. तीही तक्रार नव्हती म्हणे.

चित्रदुर्गला माझी वही सार्थकी लागणार होती. टेकडीवरचा किल्ला, प्रचंड खडक, आणि ओबव्वाची गोष्ट. हैदर अलीचे सैनिक किल्ल्याच्या एका अरुंद फटीतून एकेक करून आत शिरत होते. पहारेकरी घरी जेवत होता. त्याची बायको ओबव्वा पाणी आणायला गेली, तिने ते पाहिलं, घरातून मुसळ आणलं आणि फटीतून डोकं बाहेर आलं की हाणायची, असे कितीतरी जण लोळवले. ती फट आजही दाखवतात. मी आवाजात चढउतार आणून हे सांगितलं, मुसळाचा अभिनयही केला. तीन अनोळखी सहली माझ्याभोवती थांबल्या, हे इथे नमूद करतो.

थोरलीने विचारलं, "तिने त्याला हाक का नाही मारली?"

"तो जेवत होता ना."

"मग पाणी त्याने स्वतः उठून का नाही घेतलं?"

बायको अतिशय लक्षपूर्वक त्या फटीची रचना बघत होती.

पाण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. चित्रदुर्ग सोडल्यावर मी थोरलीला बाटली दिली तर म्हणाली, "नको." ऊन होतं, मुलीचे ओठ सुकले होते. मी रागावलो. ती म्हणाली, "आई पण नाही पीत. प्यायलं की शू लागते."

मी बायकोकडे बघितलं. सकाळी निघताना घेतलेल्या चहावर ती होती. मी म्हटलं, "अगं, सांगायचं ना, थांबलो असतो." ती म्हणाली, "कुठे?"

हा प्रश्न मला त्या वयापर्यंत कोणी विचारला नव्हता. मी कुठेही थांबतो. झाड पुरतं, ट्रकची सावली पुरते. त्या दिवशी मात्र पहिल्यांदा ज्यांना कुठेही थांबता येत नाही त्यांच्यासाठी जागा शोधत गाडी चालवली. एका टोलनाक्यावर स्वच्छतागृहाची झकपक पाटी आणि दाराला कुलूप. एका पेट्रोलपंपावर किल्ली मालकाकडे, आणि मालक गावात. एका ठिकाणी उघडं होतं. दोघी आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. चौपदरी, सहापदरी रस्ते बांधले, काचेवरच्या चिकटपट्टीतून गाडी न थांबवता पैसे कापायची सोय २०२१ पासून सक्तीची केली, ती यंत्रणा एकाही नाक्यावर झोपलेली मला दिसली नाही. आणि सात वर्षांची मुलगी तहान मारायला शिकते. कुणी शिकवलेलंही नाही तिला. मी वहीतून इतकं काही सांगत होतो, त्यातलं तिने काही घेतलं नाही. हे मात्र तिने आईकडे नुसतं बघून पाठ केलं. मला त्या पाटीच्या कंत्राटदाराला फटीतून डोकं बाहेर काढायला लावावंसं वाटलं. मुसळ गाडीत नव्हतं.

शेवटी तुमकूरच्या अलीकडे एका हॉटेलात चौघांचं जेवण मागवलं, भूक नव्हती तरी. दोघी बऱ्याच वेळाने हसत आल्या आणि थोरलीने तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. बायको म्हणाली, "बस ना, डोसा गार होतोय." माझी वही त्यानंतर फारशी उघडली गेली नाही.

नामक्कलला अंडी आणि लॉऱ्यांच्या बॉड्या बांधणारे कारखाने याबद्दल गप्प राहिलो. मदुराई मुलांच्या झोपेत मागे पडली. आरल्वायमोळीच्या पवनचक्क्यांवर धाकटा प्रसन्न झाला, कारण त्या त्याच्या लेखी उभे केलेले जेसीबीच. कन्याकुमारीला लाँचच्या रांगेत मला राहवलं नाही. हे विवेकानंद शिलास्मारक १९७० साली उभं राहिलं, ते उभं करणारे एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, त्यांनी देशभरातून लोकांकडून एकेक रुपया गोळा केला, असं मी हळूच सुरू केलं. पुढच्या बाईंनी वळून शुद्ध सोलापुरी मराठीत विचारलं, "गाईड का हो तुम्ही? किती घेता?" मला फार बरं वाटलं. बायको म्हणाली, "वहीसकट घेऊन जा." तिरुवळ्ळुवरांचा पुतळा १३३ फूट का, तर तिरुक्कुरळचे अध्याय १३३, हे मी त्या बाईंना फुकट सांगितलं.

परतताना सेलममध्ये नाश्ता झाल्यावर बायकोने किल्ली उचलली. "आता मी चालवते. देश मलाही बघायचाय. वाटेतल्या पंपांची यादी मी आधीच करून ठेवलीये." मी उदारपणे हो म्हटलं, काही सूचना केल्या, आणि दोन मुलं, चिवड्याची पिशवी, एक ओला टॉवेल यांच्यामध्ये मागे बसलो. धाकट्याने मला टॅबवर जेसीबीचा व्हिडिओ दाखवायला घेतला. सेलमनंतर तोप्पूरचा घाट लागतो. फार मोठा नाही. ट्रक रांगत होते, बायको एकेक वळण आरामात घेत होती, शीळही घालत होती बहुतेक, आणि चौथ्या जेसीबीला माझ्या कपाळावर घाम आला.

"गाडी जरा हळू," मी म्हटलं.

"चाळीसवर आहे," पुढून आवाज आला.

थोरलीने माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. मग डोशाच्या पार्सलभोवतीचा पेपर सोडवला, माझ्या शेजारी सपाट केला आणि विचारलं, "बाबा, आजचाच आहे. पण तमिळ आहे. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं आणि सरकून त्यावर बसलो.

"आणि आता मधे उठायचं नाही," ती म्हणाली.