शांघाय पाहून आलेली माणसं

पूर्वी काशीला जाऊन आलेल्या माणसाला पंक्तीत मान असे. तो एखादी भाजी तिथे सोडून येई आणि पुढची वीस वर्षं वाढप्याला हाताने थोपवून "कारलं नको, काशीला सोडलं" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू सांगे. भाईंदर पूर्वेच्या आमच्या इंद्रलोक वसाहतीत ही जागा आता शांघायला जाऊन आलेल्यांनी घेतली आहे. फरक एवढाच, की ही मंडळी तिथे काही सोडून येत नाहीत. घेऊन येतात. एक रेशमी रजई, एक चहाचा डबा आणि बरीचशी मतं. रजई दिवाणात जाते, चहा कडू लागतो म्हणून कामवाल्या मावशींना दिला जातो, मतं तेवढी टिकतात.

2025च्या ऑक्टोबरअखेर पाच वर्षांच्या खंडानंतर भारत-चीन थेट विमानं सुरू झाली आणि टूरवाल्यांच्या पत्रकांत चीन पुन्हा युरोपच्या शेजारी येऊन बसला. आमच्या फेजमधून जवळजवळ बसभर माणसं निघाली. मीही होतो, कारण घरात नाव आधीच देऊन झालं होतं. पत्रकात शांघायसाठी लिहिलेलं वाक्य मला अजून पाठ आहे: "नाश्त्यानंतर शांघाय दर्शन, सायंकाळी जेवण (जैन भोजन उपलब्ध)." अडीच कोटींच्या आसपास वस्तीचं शहर दोन शब्दांत आणि जैन भोजन स्वतंत्र कंसात. सगळी बस त्या कंसावर विश्वास ठेवून निघाली होती.

चिनी गाईडने स्वतःचं नाव इंग्रजी सांगितलं. खरं नाव आम्हाला झेपणार नाही हे त्याने न विचारताच ठरवलं होतं, आणि ते बरोबर होतं. त्याच्या हातात पिवळा झेंडा होता. आमचा टूर मॅनेजर डोंबिवलीचा मुलगा, तो मागून सारखं "काका, झेंडा सोडू नका, मावशी, झेंड्याकडे बघा" करत होता. भाईंदरकरांना हे शिकवायची गरज नव्हती. झेंड्यामागून चालणं, तो मधेच बदलला तर निमूटपणे नव्या झेंड्यामागे लागणं, हा आमचा नागरी सराव आहे. 2025च्या जुलैत ज्या भाषेच्या वादावरून मीरा रोडला मोर्चा निघाला, तो वाद या बसमध्ये पहिल्या दिवशीच मिटला. मराठी, गुजराती, मारवाडी, सगळे गाईडशी एकच भाषा बोलत होते: तोंडाकडे बोट नेऊन "व्हेज? व्हेज?"

पहिला थांबा युयुआन बाग. मिंग राजवटीतल्या पान युनतुआन नावाच्या अधिकाऱ्याने म्हाताऱ्या आईवडिलांच्या सुखासाठी ही बाग 1559 मध्ये बांधायला घेतली आणि ती पुरी झाली 1577 मध्ये. गाईडने हे मोठ्या आदराने सांगितलं. मागच्या सीटवरच्या काकांनी लगेच मान डोलावली, "म्हणजे आपल्या बिल्डरसारखंच. बुकिंग बापाने करायचं, पझेशन मुलाने घ्यायचं." बागेबाहेरच्या तळ्यावर नऊ वळणांचा पूल आहे. भुताला सरळच चालता येतं, वळता येत नाही, म्हणून पूल वाकडा बांधला की भूत मागे येत नाही, असा तिकडचा समज. यावर बसमध्ये कुणीही हसलं नाही. 2026च्या जानेवारीत आमच्या गोल्डन नेस्टजवळचा चार मार्गिकांचा उड्डाणपूल अचानक दोन मार्गिकांचा होतो म्हणून देशभर गाजला होता. उरलेल्या दोन पुढे कधीतरी भाईंदर पश्चिमेला जायच्या आहेत, असा अधिकृत खुलासा झाला. ज्या गावाने हा खुलासा पचवला, त्याला भुताचं कारण अगदीच शास्त्रीय वाटलं.

मग बंड. म्हणजे ह्वांगपू नदीचा काठ. पाठीशी जुन्या युरोपीय धाटणीच्या इमारती, समोर पलीकडे पूडाँगचे मनोरे. इथे फोटोसाठी वेळ मिळाला. सगळ्यांनी नदीकडे पाठ केली, हसले, मग इमारतींकडे पाठ केली आणि पुन्हा हसले. त्या गडबडीत गाईडने हिरव्या टोकदार छपराच्या एका इमारतीकडे बोट दाखवून "पीस हॉटेल, 1929, व्हिक्टर ससून" असं म्हटलं आणि झेंडा पुढे गेला. माहेर पुण्याचं असलेल्या एक वहिनी तेवढ्या थबकल्या. "ससून म्हणजे आपलं ससून?"

होय वहिनी, आपलंच. ज्यांच्या देणगीतून 1867 मध्ये पुण्याचं रुग्णालय उभं राहिलं ते डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावले होते आणि कापसाबरोबरच अफूच्या व्यापारात गबर झाले होते. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. चिनी माणसाला तलफ लागली आणि पुण्याच्या माणसाला दवाखाना मिळाला. एकटे ससूनच होते असंही नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीतही चीनच्या याच व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयावर नाव त्यांचं आहे. डेव्हिड ससूनचा पणतू व्हिक्टर मुंबईत गिरण्यांचा मालक होता. 1920-30च्या दशकांत त्याने मुंबईतलं बस्तान आवरतं घेतलं, पैसा शांघायला नेला आणि नदीकाठी हे हॉटेल बांधलं. तेव्हा त्याचं नाव कॅथे होतं.

ही गोष्ट मला बसमध्ये माईकवरून सांगायची होती. पण माईकवर अंताक्षरी सुरू झाली होती.

सांगायची अशासाठी, की आमच्या पिढीने 'मुंबईचं शांघाय करू' हे वाक्य जेवढ्या वेळा ऐकलं तेवढं 'पुढील स्टेशन भाईंदर'ही ऐकलं नसेल. 2003 मध्ये बॉम्बे फर्स्ट आणि मॅकिन्झी यांचा 'व्हिजन मुंबई' अहवाल आला, त्यात शहर जागतिक दर्जाचं करायला 2013 ची मुदत घातलेली होती. 2004 मध्ये तर पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीही पाच वर्षांत लोक शांघायला विसरून मुंबईबद्दल बोलू लागतील असं स्वप्न बोलून दाखवलं. नंतर शांघाय पाहायला मंत्री गेले, अधिकारी गेले, नगरसेवक गेले. ज्याला आपण सहल म्हणतो त्याला तिजोरीतून पैसे मिळाले की अभ्यास दौरा म्हणतात. या सगळ्यांना बंडवर उभं करून पलीकडचे मनोरे दाखवले गेले असणार, आणि सगळ्यांनी फोटोसाठी जुन्या इमारतींकडे पाठच केली असणार. नाहीतर पाठीमागच्या रांगेत मुंबईचे पैसे विटांच्या रूपात उभे आहेत हे कुणीतरी येऊन सांगितलं असतं. मुंबईचं शांघाय व्हायचं राहिलं. शांघायमध्ये थोडी मुंबई लागून शतक होत आलं.

पलीकडच्या पूडाँगची हकिकतही आम्हाला फार परकी वाटायला नको. 1990 पर्यंत तिथे शेतं, गोदामं, वाड्या. तेव्हा आमच्या भाईंदरला मिठागरं होती आणि एकेका भूखंडावर टोलेजंग नावांच्या चार मजली इमारती उगवायला लागल्या होत्या. सुरुवात जवळपास एकदमच. पुढे तिकडे 632 मीटरचा शांघाय टॉवर झाला आणि इकडे आम्हाला पाण्याच्या टँकरवाल्याचा नंबर पाठ झाला. दोन्ही गावांत नियोजनाची पद्धत वेगळी. तिथे रस्ता ठरला की घर हलतं. इथे घर ठरलं की रस्ता हलतो. 2010च्या जागतिक प्रदर्शनासाठी शांघायने सुमारे 18 हजार कुटुंबं हलवली. त्यांना कुठे नेलं, ती गेली की न्यावी लागली, हे पाहण्याचा थांबा टूरमध्ये नव्हता. आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही. ज्यांच्या स्वतःच्या गॅलऱ्या नियमबाह्य बंद केलेल्या असतात, ते घर हलवण्याचा विषय परदेशातही काढत नाहीत.

टॉवरची लिफ्ट 118व्या मजल्यावर मिनिटाच्या आत पोचते. वर शांतता पसरली. खालचं शहर पाहून नव्हे. आमच्या सोसायटीची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे आणि सेक्रेटरी टॉवरच्या लिफ्टने आमच्यासोबतच वर आले होते, ही जाणीव सगळ्यांना एकदम झाली. सेक्रेटरींनी काचेतून खाली बघत "मेंटेनन्स वेळेवर भरत असतील इथले मेंबर" एवढंच म्हटलं.

दर्शनाचा खरा वेळ मात्र गेला तो रेशमाच्या दुकानात. पत्रकात त्याला कारखाना म्हटलं होतं. दुसऱ्या कुठल्याही थांब्याला आम्हाला "चला चला" ऐकावं लागलं. इथे कुणी घाई केली नाही, पाणी दिलं, बसायला दिलं, स्वच्छतागृहही उत्तम. एका बाईने कोशातून निघालेला ओला रेशमाचा पापुद्रा कमानीवर ताणून दाखवला. मग वाळलेल्या पापुद्र्याचे चार कोपरे चौघांच्या हातात द्यायची वेळ आली. ए, बी, सी आणि डी विंगमधून एकेक उमेदवार पुढे झाला. चौघांनी एकाच वेळी, सारख्या जोराने, मागे सरकत ओढायचं. मग ते जाळं पलंगाएवढं पसरतं आणि रजईचा एक थर होतो. गाईडने तीन अंक मोजले. ए विंगने दोनवरच ओढलं. बी विंगने आपला कोपरा लहान आहे अशी तक्रार केली. सी विंग मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग करत एका हाताने ओढत होती. डी विंगने सगळा जोर लावला आणि पापुद्रा मधोमध फाटला. चिनी बाई काही बोलली नाही. तिने तो गोळा करून टोपलीत टाकला आणि नवा घेतला. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, चौघा अनोळखी पाहुण्यांना एक कापड सारखं ओढता येत नाही याची तिला सवय असावी. आम्ही अनोळखी नव्हतो, पंधरा वर्षांचे शेजारी होतो, हे तिला कोण सांगणार?

रजया मात्र सर्वांनी घेतल्या. भाईंदरमध्ये रजई कधी घ्यायची, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. चहाच्या दुकानात मातीचं एक नागडं पोर मिळतं, डोक्यावर गरम पाणी ओतलं की ते शू करतं. पाणी पुरेसं तापलंय का हे कळण्यासाठी म्हणे. ते तर घाऊक भावात गेलं. आता इंद्रलोकातल्या निम्म्या शोकेसमध्ये, गणपतीच्या चांदीच्या मूर्तीपासून सुरक्षित अंतरावर, ते पोर उभं आहे.

परतीच्या बसमध्ये गाईडने कचऱ्याचा विषय काढला आणि इथेच घोळ झाला. शांघायने 1 जुलै 2019 पासून कचरा चार प्रकारांत वेगळा करणं सक्तीचं केलं. ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. चुकलात तर माणशी 200 युआनपर्यंत दंड. प्रत्येक वस्तीत डब्याजवळ म्हातारे स्वयंसेवक उभे राहू लागले आणि पिशवी घेऊन आलेल्याला विचारू लागले, "तू कुठल्या प्रकारचा कचरा?" हा प्रश्न तिकडे विनोद म्हणून गाजला. आमच्या बसने टाळ्या वाजवल्या. "असं पाहिजे! आपल्याकडे हे होणं शक्य नाही!" असं सर्वानुमते ठरलं. आपल्याकडे कचरा वेगळा करण्याचे नियम 2016 मध्येच आले होते, म्हणजे शांघायच्या तीन वर्षं आधी, हे मी हळूच म्हटलं. ज्या थंड नजरांनी मला बघितलं गेलं, त्यावरून मी स्वतः कुठल्या डब्यात जातो ते कळलं.

मात्र सेक्रेटरी हेलावले होते. त्यांनी परत आल्यावर वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक चार म्हणून ओला-सुका कचरा घेतला आणि शांघायच्या फोटोंचा स्लाइड शो दाखवला. बहुतेक फोटोंत तेच होते. डब्याजवळ उभं राहून विचारायला स्वयंसेवक हवेत म्हटल्यावर ज्येष्ठ नागरिक एकेक करून सांधेदुखीवर बोलू लागले. कुणीतरी म्हणालं, आधी लिफ्ट सुरू करा, मग कचरा खाली आणतो. कुणीतरी म्हणालं, तिकडे हुकूमशाही आहे, इकडे आपण भाडेकरूंना काय सांगणार? जो सदस्य खिडकीतून पिशवी टाकतो असा सगळ्यांना संशय आहे, तो दंड दुप्पट करावा अशी सूचना मांडून खाली बसला आणि त्याला टाळ्या मिळाल्या. वेळेअभावी विषय क्रमांक चार पुढे ढकलला.

विषय क्रमांक पाच एकमताने मंजूर झाला. लिफ्ट, सुरक्षा आणि घनकचरा यांचं प्रत्यक्ष व्यवस्थापन पाहण्यासाठी व्यवस्थापकीय समितीने सपत्नीक ग्वांगझौला जावं, खर्च सिंकिंग फंडातून. खजिनदारांनी एकच दुरुस्ती सुचवली, ती ठरावात घेतली आहे: जैन भोजन उपलब्ध असल्याची लेखी खात्री आधी करून घ्यावी.