वाचाच!

पुस्तक सुचवायचं तर ते आधी वाचावं लागतं, हा निव्वळ गैरसमज. नंदा खरे यांची ‘उद्या’च घ्या. तिला मिळालेला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला, एवढ्या भांडवलावर ती सुचवणारे कित्येक भेटतात. कशाबद्दल आहे विचारलं, की उत्तर ठरलेलं : “वाचाच, सांगून मजा जाईल!” ‘सेपियन्स’ मात्र प्रत्येकाने वाचलेलं असतं, निदान माणूस शिकार करून खात होता तिथवर, शेती सुरू झाली की पानात खूण. ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’वाल्यांना रोज थोडं वाचायची सवय तेवढी लागायची असते. कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ खरोखर वाचलेल्या एक काकू भेटल्या. त्यांनी सुचवली नाही. म्हणाल्या, “मग माझीच प्रत मागाल.”