अंगणातला पॉइंट

आकाशकंदिलाची वायर आमच्याकडे हॉलच्या खिडकीतून बाहेर जाते. त्यामुळे खिडकी लागत नाही आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत साताऱ्यातले यच्चयावत डास आमच्याकडे फराळाला असतात. यंदा मी जाहीर केलं, अंगणात प्लग पॉइंट मीच काढणार. "वायरमनला बोलवा," ही म्हणाली. बारावीला मला फिजिक्समध्ये ७८ मार्क होते, हे तिला लग्नाच्या एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा सांगावं लागलं.

दुकानदारानं विचारलं, "दीडची देऊ का अडीचची?"

"छे, सहा तरी लागेल."

त्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. तो चौरस मिलिमीटर म्हणत होता, मी मीटर. मला पिठाची गिरणी टाकायचीय असा त्याचा समज झाला असावा. मग म्हणाला, "बाहेर लावायचाय ना? झाकणाचा आयपी ६५ डबा न्या, पावसाचं पाणी आत जात नाही." एका प्लगला कसला डबा! मी साधा सहा अँपिअरचा सॉकेट घेतला आणि वायरी दोनच. तिसरी हिरवी, अर्थिंगची. कंदिलाला तिचं काय काम?

घरी येऊन शहाण्यासारखा आधी मेन स्विच बंद केला. मग ड्रिल चालेना. पाच मिनिटं ड्रिल उघडून पाहिल्यावर कारण लक्षात आलं. पुन्हा मेन चालू, भोक, पुन्हा मेन बंद.

हॉलचा बोर्ड उघडला तर आत तीन वायरी, तिन्ही काळ्या. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी, हा नियम आमच्या घराच्या मिस्त्रीपर्यंत पोचला नव्हता. पिशवीत जो रंग होता तो त्यानं भिंतीत घातला. मेन चालू करून टेस्टर लावला. एक वायर पेटली, ती फेज. उरलेल्या दोन्ही थंड. दोन सारख्या वस्तूंतून एक निवडायची वेळ आली की मी उजवीकडची घेतो.

कंदिलाचं बटण दाबलं आणि घर अंधारात गेलं. ईएलसीबी पडला होता. उचलला, पुन्हा पडला. पाचव्यांदा पडल्यावर माझं निदान झालं: ईएलसीबी खराब आहे, तो काढून वायर थेट जोडावी. मी पक्कड शोधू लागलो. ती हिच्या हातात होती, दुसऱ्या हातात फोन.

वायरमन आला. वय बावीस-तेवीस. बोर्डात डोकावून म्हणाला, "काका, न्यूट्रल म्हणून अर्थिंग जोडलंय तुमी. करंट फेजनं गेला, तेवढाच न्यूट्रलनं परत यायला पायजे. ३० मिलिअँपिअर कमी आला की हा पडतो. तुमचा सगळाच मातीत चाललाय." कंदिलात नऊ वॉटचा दिवा. नऊ भागिले २३०, म्हणजे जवळजवळ ३९ मिलिअँपिअर. हे ७८ मार्कवाल्याला एका पोरानं बोटावर करून दाखवलं. "आणि ईएलसीबी काढला असता ना, तर कंदील मस्त लागला असता. पण खाली कुठं अर्थिंग तुटलं की करंट फ्रीजच्या दारावर. काकू दूध काढायला गेल्या असत्या." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. एमसीबी आहे की, असं मी पुटपुटलो. "तो वायर जळू नये म्हणून, काका. माणूस जळायला सहा अँपिअर लागत नाहीत."

त्यानं तीन वायरी थेट मेन बोर्डातून, ईएलसीबीच्या पुढून, स्वतंत्र एमसीबीवर आणल्या, अडीचच्या. बटण घरात ठेवलं. बाहेर तोच झाकणाचा डबा, वायर खालून आत. माझं भोक मात्र त्यानं बराच वेळ न्याहाळलं. बाहेरून आत उतरतं होतं. पावसाचं पाणी थेट हॉलच्या बोर्डात आलं असतं. त्यानं ते सिमेंटनं बुजवून दुसरं पाडलं, बाहेर उतरतं.

त्यानं कागदावर हिशेब लिहून दिला. हिनं तो अजून फ्रीजवर चिकटवून ठेवलाय. नवीन पॉइंट : ४५० रुपये. काकांचा पॉइंट काढणे : ६०० रुपये.