उन्हाळी सर

तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, म्हणजे बोलीतले ‘सीएचबीचे सर’, महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. एटापल्लीसारख्या तालुक्याच्या गावी ते अधिक ठळक दिसतात, कारण तिथे लपायला जागा नसते. त्यांचे मानधन घेतलेल्या तासिकांवर ठरते. गोंडवाना विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा जवळ आल्या की तासिका संपतात आणि तासिकांबरोबर नेमणूकही. कायम प्राध्यापकांना उन्हाळ्याची सुट्टी लागते. यांना नुसताच उन्हाळा लागतो.

सरांचे वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे, शिक्षण एम.ए. अर्थशास्त्र, सेट उत्तीर्ण, नेट थोडक्यात हुकलेली. सुट्टीचे बेत ते एप्रिलमध्येच एका वहीत लिहून ठेवतात: पीएच.डी.चा आराखडा, रोज पहाटे धावणे, इंग्रजी संभाषण. शिवाय मार्कंड्याचे देऊळ, हेमलकसा, आलापल्लीचे वनवैभव आणि सिरोंचाकडचे वडधमचे जीवाश्म. ही सगळी ठिकाणे ‘पाहिलीच पाहिजेत’ असे ते मुलांना वर्षभर सांगतात. यादी दरवर्षी तीच असते. वरची तारीख तेवढी बदलते.

बेत मोडतात ते आळसामुळे नव्हे. ‘सर मोकळेच आहेत’ ही बातमी सरांच्या आधी चौकात पोहोचलेली असते. मग लग्नपत्रिकेचे शुद्धलेखन, जातीच्या दाखल्याचा अर्ज, पोलीस भरतीला बसलेल्या भाच्याचे सामान्य ज्ञान, वनरक्षकाच्या फॉर्मवरचा फोटो आणि मांडवातले आभारप्रदर्शन ही कामे ओळीने त्यांच्याकडे येतात. मोबदला चहा. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तो नाकारताही येत नाही, कारण नाकारला तर ‘सरांना गर्व आला’ असे होते.

सल्ले देणाऱ्यांची वर्गवारी सोपी आहे. नातेवाईक म्हणतात, सूरजागडच्या खाणीत लागून जा. सर चौकशी करतात. तिथे चालक, वेल्डर, फिटर लागतात, मागणी-पुरवठ्याचा वक्र काढणारा कोणालाच नको असतो. मित्र म्हणतात, शिकवणी काढा. पण मेमध्ये शिकवणीला येणारी मुले जंगलात असतात, आणि मे महिन्यापुरते सरही तिकडेच जातात.

तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे पाने तोडायची, घरी सावलीत बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, न्यायचे. या भागात एका पुड्यात ७० पाने असतात. १९९६ च्या पेसा कायद्यानंतर आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर अनेक ग्रामसभा आपला पत्ता स्वतः लिलावाने विकतात. त्यामुळे हिशेब लिहिणारा माणूस लागतो, आणि सर फळीवर मुन्शी होतात. वर्षभर ज्याची हजेरी सर घेतात, तो विद्यार्थी इथे सरांनी मोजलेले पुडे पुन्हा मोजायला लावतो. सर निमूटपणे मोजतात. दोन कमी निघाले तर अर्थशास्त्र कामी येत नाही. घरचे चौघे मिळून पत्ता तोडतात त्या विद्यार्थ्याची हंगामाची कमाई सरांच्या काही महिन्यांच्या मानधनाला भारी पडते. हे सर जाणतात. आपण गणितच शिकायला हवे होते, असे त्यांना त्या वेळी वाटून जाते. अवकाळी पाऊस आला की वाळत घातलेला पत्ता झाकायला सगळे धावतात. त्या धावण्यात पहाटेच्या व्यायामाचा बेत मात्र आपोआप पार पडतो.

जूनमध्ये पाऊस लागतो, नाले भरतात आणि सर रेंज शोधत गच्चीवर उभे राहतात, कारण तासिका तत्त्वाची जाहिरात कधीही निघेल. ती निघते. सगळी प्रमाणपत्रे पुन्हा साक्षांकित होतात. मुलाखतीत, ज्यांच्यासोबत सरांनी अनेक परीक्षांचे पर्यवेक्षण केले तेच गृहस्थ विचारतात, ‘स्वतःची ओळख करून द्या.’ सर ती करून देतात. अनुभव किती, या प्रश्नाला नेमणुकीचे महिने मोजून उत्तर द्यावे लागते. पत्रिका, दाखले, भाचे, पुडे यांचे महिने त्यात धरत नाहीत. नेमणूकपत्रावर मुदत छापलेली असते, आणि ती पुढच्या उन्हाळ्याच्या अलीकडेच संपते.