अडीच मिलिमीटरचा फरक

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावं, याबद्दल आमच्या घरात एकमत होतं. सकाळी पर्वतीला जावं आणि येताना कोथिंबीर आणावी. मी संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारा सीएनसी राऊटर आणला.

आणला म्हणजे सुट्या भागांत आणला. तीन स्टेपर मोटर, तीन बॉलस्क्रू, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि एक लालभडक चिनी कंट्रोलर बोर्ड. गॅलरीत तो उभा राहिल्याची बातमी नातेवाइकांत पसरली आणि मेव्हण्याचा फोन आला, "भावोजी, आमच्या बंगल्याची पाटी तेवढी करून द्या. सागवानी फळी पाठवतो." बंगल्याचं नाव 'गुरुकृपा'. दोन उकार, एक ऋकार आणि वरून शिरोरेघ. मी आठवड्याचा वायदा केला. बँकेत असताना कर्जदारांना मी एवढ्या मोघम वायद्यावर कधीच सोडलं नसतं.

पहिले काही दिवस संगणक आणि बोर्ड यांच्यात बोलणंच सुरू झालं नाही. माझा बोर्ड पॅरलल पोर्टवाला. पॅरलल पोर्ट म्हणजे जुन्या प्रिंटरची ती २५ टाचण्यांची रुंद खाच. आताच्या संगणकांना ती नसते, म्हणून तापकीर गल्लीतून वेगळं कार्ड आणून बसवलं होतं. वापरायची प्रणाली लिनक्ससीएनसी. अमेरिकेतल्या सरकारी मानक-संस्थेत जन्मलेली आणि पूर्णपणे फुकट. फुकट म्हटल्यावर माझ्यातल्या बँकवाल्याने आधी छुपे चार्जेस शोधले. नव्हते. मी बाणाची कळ दाबायचो, पडद्यावरचे आकडे ऐटीत पळायचे, मोटर ढिम्म. पाच दिवसांनी कळलं की प्रिंटर पोर्टचा परंपरागत पत्ता ३७८ आणि माझं नवं कार्ड राहायला भलत्याच क्रमांकावर. पाच दिवस मी बंद घराच्या दारातून पत्रं टाकत होतो.

पत्ता सुधारल्यावर मोटर हलल्या. म्हणजे कधी हलल्या, कधी नाही. माझं स्पष्ट मत आहे की अजिबात न चालणारं यंत्र सज्जन असतं. अधूनमधून चालणाऱ्याचा भरवसा धरू नये. कार्डातून येणारा 'हो' होता ३.३ व्होल्टचा आणि बोर्डावरच्या चिपला 'हो' पटायला साधारण ३.५ व्होल्ट लागत होते. म्हणजे कार्ड आपल्या परीने होकार देत होतं आणि बोर्डाला ते 'बघू' असं ऐकू येत होतं. पुण्यात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो, पण चिप चीनची होती. पुन्हा तापकीर गल्ली. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, बोर्ड उडाला असेल, नवाच घ्या." मी बोर्ड घेतला नाही. दोन व्होल्टला हो समजून पुढे पूर्ण पाच व्होल्ट देणारी ७४एचसीटी जातीची बफर चिप घेतली. या वयात बोर्डापेक्षा चिप परवडते.

तिसरं दुखणं हिने पकडलं. यंत्र मधेच थांबायचं आणि पडद्यावर यायचं की लिमिट स्विच, म्हणजे गाडा टोकाला पोचला की दाबला जाणारा खटका, दाबला गेला. जाऊन बघावं तर गाडा टेबलाच्या मधोमध, स्विचपासून हातभर लांब. मी स्विच बदलले, तारा बदलल्या, मुलाला फोन करून त्याची झोपमोड केली. शेवटी ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मी मिक्सर लावला की तुमचं ते रुसतं." आणि खरंच, खोबऱ्याच्या चटणीबरोबर यंत्र थांबत होतं. स्विचच्या दोन-दोन मीटर लांब उघड्या तारा मिक्सरच्या मोटरचा खरखराट अँटेनासारख्या ओढून घेत होत्या. शील्ड असलेली केबल टाकली आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ केली. दोन्ही टोकांना केली तर शील्डमधूनच प्रवाह फिरू लागतो आणि औषधाचाच आजार होतो. तरी पुढचे कित्येक दिवस ही वाटण घालण्यापूर्वी गॅलरीत येऊन, "वाटू का?" असं विचारायची. माझ्या अख्ख्या नोकरीत एवढा अधिकार मला मिळाला नव्हता.

मग १०० मिलिमीटरचा चौकोन कापून पाहिला. व्हर्नियर लावला. बिनचूक. मी मेव्हण्याला "उद्या पाटी घेऊन जा" असं कळवलं आणि सागवानी फळी टेबलावर आवळली.

पाटी कोरायला पावणेतीन तास लागले. हत्यार अक्षरांच्या पोटात नांगरासारखं वर-खाली, वर-खाली फिरत होतं. आधी सगळी अक्षरं आणि शेवटी शिरोरेघ, असा क्रम होता. अक्षरांच्या कडांना नदीच्या घाटासारख्या पायऱ्या पडताहेत हे मला दिसत होतं, पण ते भुशामुळे तसं वाटतंय अशी मी समजूत घातली. मग शिरोरेघ आली. ती अक्षरांच्या डोक्यावर न बसता आठ मिलिमीटर खाली उतरली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, ठाम, सुंदर गेली. गुरुकृपा खोडली गेली होती.

मेव्हणा दारात उभा होता. पाटीकडे बघून तो म्हणाला, "भावोजी, गुरुजींचं काही बिघडलंय का तुमच्याशी?"

त्या रात्री संशयितांची रांग लावली. संगणक मोटरला पावलांचे ठोके, म्हणजे पल्स, वेळेत देत नसेल म्हणून लेटन्सी टेस्ट चालवली. पडद्यावर दातेरी चक्रं फिरत ठेवून, खिडक्या इकडून तिकडे ओढून त्याला जमेल तेवढा छळला. १५ ते २० हजार नॅनोसेकंदांच्या आत चूक असेल तर संगणक चांगला समजतात. माझा नऊ हजारांत होता. मल्टिमीटर लावला, पण पाच मायक्रोसेकंदांची पल्स त्या बिचाऱ्याला दिसतच नाही, तो आपला सरासरी दाखवत बसतो. स्क्रू घट्ट होते. मोटर गार होत्या.

रात्री एक वाजता मला आमच्या शाखेतली मार्चअखेर आठवली. संगणक येण्याआधी लेजर हातानेच जुळवायची. फरक आला की हेड क्लार्क पहिला प्रश्न एकच विचारायचे, "फरक कितीचा?" चूक कुठे, हे नंतर. फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची उलटापालट, ५४ चे ४५ झालेले. फरकाला २ ने भाग गेला तर नावेची रक्कम जमेला पडलेली, कारण उलट्या बाजूला गेलेली नोंद फरक दुप्पट करते.

मी इतके दिवस यंत्राचा फरक मोजलाच नव्हता. हत्याराच्या जागी पेन्सिल बांधली, कागद चिकटवला आणि हुकूम दिला: दहा मिलिमीटर पुढे, दहा मागे, अशा १०० फेऱ्या. पेन्सिल निघाली तिथे परत आली नाही. व्हर्नियरने अंतर मोजलं. अडीच मिलिमीटर. माझ्या यंत्रात मोटरची ८० पावलं म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा अडीचाची झाली २००. शंभर फेऱ्यांत २००. दर फेरीला दोन, ना कमी ना जास्त. खरखराटाची चूक अशी गोल आकड्यात येत नाही.

आणि दोन म्हणजे एकाच्या दुप्पट! एक पाऊल उलट्या बाजूला पडत होतं. नावेचं जमेला!

पुढचं सोपं होतं. मोटरला दोन तारांवरून निरोप जातो. एकीवरून 'पाऊल टाक', दुसरीवरून 'या दिशेने'. माझ्या बोर्डावर पावलाच्या तारेला चपळ ऑप्टोकपलर (निरोप उजेडाने पलीकडे पोचवणारा भाग) होता आणि दिशेच्या तारेला काटकसर केलेला सुस्त. तोही चालू होताना बरा, बंद होताना रेंगाळणारा. म्हणून एका बाजूला वळताना सगळं ठीक, दुसऱ्या बाजूला वळताना 'पाऊल टाक' आधी पोचायचं आणि 'आता मागे' नंतर. मोटर आज्ञाधारक, जुन्याच दिशेने एक पाऊल टाकून मोकळी. चौकोनात जेमतेम एकदा वळायचं असतं, तिथे हे कळणार कसं? उकार-ऋकारांच्या नांगरटीत तीनशेवर वळणं होती.

लिनक्ससीएनसीत 'डायरेक्शन सेटअप' नावाचा एक रकाना आहे. दिशा सांगितल्यावर पाऊल मागण्यापूर्वी किती थांबायचं, ते त्यात लिहायचं. मी तिथे कुठून तरी उतरवून घेतलेले २०० नॅनोसेकंद लिहिले होते. त्याचे २०,००० केले. पेन्सिल १०० फेऱ्या मारून आपल्या ठिपक्यावर येऊन बसली. फरक निरंक. पहाटे पावणेतीनला मी हिला उठवून टॅली झाल्याचं सांगितलं. पस्तीस वर्षांच्या सवयीने, डोळे न उघडता, ती म्हणाली, "मग आता घरी या."

दुसरी पाटी मेव्हण्याच्या फाटकावर लागली आहे, शिरोरेघ जागच्या जागी. पहिली आमच्याकडेच आहे. गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली, अक्षरं जमिनीकडे करून ठेवली आहे.